सहावा हार

आमच्याकडे राहायला येणारी माणसं जाताना वहीत चार ओळी लिहून जातात. घराबद्दल एक ओळ, विहिरीच्या पाण्याबद्दल एक, आणि उरलेलं पानभर केसरच्या घावनांबद्दल. घर एकशे तीस वर्षांचं, सागवानी खांबांचं, नागावात नारळी-पोफळीच्या वाडीत. सलिलने, म्हणजे माझ्या मुलाने, इंटरनेटवर त्याच्यापुढे भलंमोठं 'हेरिटेज' लिहून ठेवलंय. लोक त्या शब्दाला भुलून येतात आणि केसरच्या हातचं खाऊन जातात. मी चौतीस वर्षं मास्तरीण होते, वह्या वाचायची खोड जात नाही, म्हणून मला हे माहीत.

केसर थळची कोळीण. वय चव्वेचाळीस, अंगाने काटक, बोलायला खणखणीत. पहाटे थळहून निघते, अलिबागला मिनीडोर बदलते आणि साडेसहाला आमच्या मागच्या दारी चपला काढते. माझ्या सासूबाई असत्या तर कोळणीला चुलीपाशी उभी केली म्हणून त्यांनी मला वाडीत उभं केलं असतं. पण त्या आता ओसरीत तसबिरीत बसल्यात, आणि तिथून त्यांना केसरचे घावन जाळीदार कसे होतात ते रोज बघावं लागतं. बघा म्हणावं.

पाहुण्यांना पहिलं नवल वाटायचं ते केसरच्या हातांचं. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, उजवा मनगटापासून मोकळा. कुणी विचारलं की ती तवा पुसता पुसता सांगायची, "लग्नात उजव्या हातच्या दर्याला दिल्या. त्यानं माजा मानूस सांबालायचा, म्हून." पाहुण्यांना हे फार आवडायचं. ते तिच्या हातांचा फोटो काढायचे. मग दर्याने सांभाळला का, हे मात्र कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की अजून ठाऊक नाही.

तिचा नवरा हरेश्वर. नारळी पौर्णिमा झाली, चौथ्या दिवशी बोट घेऊन गेला. रिकामी बोट वाहत किनाऱ्याला आली, तो आला नाही. बरोबरच्या दोघा खलाशांना दुसऱ्या बोटीने उचललं. त्यांनी सांगितलं, लाट अंगावर आली, आम्ही वर आलो तेव्हा तो दिसला नाही. त्या दोन शब्दांवर केसरने अकरा वर्षं काढली. "दिसला न्हाय म्हनतात. मेला असा कोनी म्हनला न्हाय," असं ती म्हणायची. शरीर कुठल्याच किनाऱ्याला लागलं नाही. खांदेरीच्या वेताळाला नवस झाले, पार गुजरातच्या बंदरापर्यंत निरोप गेले. कुणी म्हणालं, वाहत गेलेले कधी कधी पलीकडच्या देशात धरले जातात आणि वर्षानुवर्षं तुरुंगात पडून असतात. तिने ते गाठीला बांधलं.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते तेव्हाच. मी तिकडच्या एका शाळेत होते, तिची मुलगी, पूर्वी नावाची, पाचवीत माझ्या वर्गात. कसल्याशा अर्जावर कारकुनाने पोरीच्या बापाच्या नावाआधी 'कै.' लावलं, पोरीने ते घरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून ही बाई वर्गात शिरली, अर्ज माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, "बाई, ह्ये काडा." मी तिच्याकडे बघितलं, वाद घातला नाही, लाल पेनाने 'कै.' खोडलं आणि खाली सही केली. कधी नव्हे ते माझी जीभ आवरली होती. तिच्यासाठी मी केलेलं एवढंच एक शहाणपणाचं काम, ते आधीच सांगून ठेवते. पुढे सांगण्यासारखं फारसं नाही.

शरीर न मिळालेल्या माणसाला बारा वर्षं मेला म्हणत नाहीत. बारा भरली की पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि त्या दिवशी बाई बांगड्या वाढवते. तोवर ती सवाष्ण. केसरने हा हिशेब तिथीनिशी पाठ केला होता. मी निवृत्त झाले, चक्रीवादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली, मग पोफळीच्या जागी पाहुणे लावायचे असं सलिलने ठरवलं. स्वयंपाकाला कोण, असा प्रश्न आला तेव्हा पूर्वीच माझ्याकडे येऊन म्हणाली, बाई, माझ्या आईला घ्या, बाजारात बसून बसून तिचे गुडघे गेलेत. अशी केसर आमच्याकडे आली, चारेक वर्षं झाली असतील.

माणूस कसं, तर तिखट. पाहुण्यांनी घावन उरवले की तोंडावर विचारणार, "काय, ग्वाड न्हाय लागला?" माझ्याशी दिवसातून दोनदा भांडणार. माधवराव, म्हणजे आमचे यजमान, पंचवीस वर्षं बँकेत गप्प बसले, आता घरात गप्प बसतात. आम्हा दोघींचं लागलं की ते पाटाचं पाणी बघायला वाडीत जायचे. मला ती आवडायची. माझ्यावर कुणी आवाज चढवलेला मला खपत नाही, तिचा खपायचा.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत सुनेने ओसरी सजवायला घेतली. क्षिप्रा घरं सजवायचं काम करते, चांगलं करते. माझे आजेसासरे, आजेसासूबाई, सासरे, सासूबाई आणि तरुणपणी गेलेले दीर, अशा पाच तसबिरी पुसून नव्या चौकटींत बसवल्या. मग तिला वाटलं, किनाऱ्यावरचा एखादा चेहरा पण हवा. केसरच्या पिशवीत हरेश्वरचा एक फोटो असायचा, जत्रेत काढलेला. खांद्यावर टॉवेल, हातात हातभर घोळ मासा, आणि हसतोय असा की दाढेपर्यंत दात दिसावेत. क्षिप्राने विचारलं, हा मोठा करून लावू का? केसरने तिथल्या तिथे हो म्हटलं.

मला वाटलं, हिला कौतुक वाटलं असेल. कसलं आलंय. फोटो तपकिरी रंगात मोठा होऊन दिरांच्या शेजारी लागला, सहावा, आणि दुसऱ्या दिवसापासून ही बाई पाहुण्यांना घावन वाढताना विचारायला लागली, "ह्यांना बगलाव का कुटं?" आमच्याकडे कुठकुठली माणसं येतात. पुणे, इंदूर, बडोदा, एकदा तर दुबईहून. इतकी माणसं थळच्या बाजारात तिला जन्मात भेटली नसती. नवऱ्याचा शोध घ्यायला तिला माझी ओसरी मिळाली होती.

एकदा गुजरातच्या किनाऱ्याकडचे एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. झालं. केसरने त्यांना दोन दिवस ताटावरून उठू दिलं नाही. कुठल्या बंदरात, डाव्या भुवईवर खूण होती का, चालताना खांदा झुकायचा का. बिचारे घाबरले. तिसऱ्या दिवशी बॅग भरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो हो. ते मी केसरला सांगितलं. ती म्हणाली, "बोलायचा म्हून तरी कोनाला वाटला ना." त्या दिवशी मी माधवरावांना म्हटलं, ह्या बाईला कुणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवं. ते म्हणाले, "ते कुणीतरी तू नको होऊस."

मग पूर्वीचं लग्न ठरलं. मुलगा काशीदचा, चिराग. त्यांची बोट आता मासे धरत नाही, पर्यटकांना फिरवते. मुलगा भला, घर भलं. लग्न पुढच्या वर्षी करू असं मुलाकडचे म्हणत होते, केसर ऐकेना. डिसेंबरातच हवं. मी म्हटलं, अगं एवढी घाई कसली? पोरगी पळून जातेय का? तेव्हा तिने तव्यावरून नजर न काढता सांगितलं. पुढल्या नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी बारा वर्षं भरतात. मग पानांचा माणूस, मग अग्नी, मग हे हात मोकळे. त्यानंतर पोरीला पहिली हळद लावायला ती उभी राहू शकणार नव्हती.

"ह्या हातानं लावायची हाय मना," ती म्हणाली आणि डावा हात वर केला. "एकुलती एक पोर हाय, बाई. पुडचा पुडं. दोन महिने काय ते, तेवडे मना सवाष्ण ऱ्हाऊ दे."

म्हणजे तिला ठाऊक होतं. आतून सगळं ठाऊक होतं तिला, आणि तरी घावन वाढताना ती विचारतच होती. मला तेव्हा समजायला हवं होतं की हिला कुणी काही स्पष्ट सांगायची गरज नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्याला घर भरलेलं होतं. तिन्ही खोल्यांत पाहुणे, वर सलिल-क्षिप्रा आणि त्यांची लेक. आदल्या दुपारी केसरने झेंडू निवडले, दाराची तोरणं केली, तसबिरींचे हार ओवून परातीत ओल्या फडक्याखाली ठेवले आणि गेली. सकाळी फडकं काढून बघते तो हार पाच. ओसरीत तसबिरी सहा. मी मनाशी म्हटलं, एवढ्या वर्षांत बाईला मोजता येईना. उरलेली फुलं घेऊन बसले आणि भराभर सहावा हार ओवला. एकीकडे पुण्याचे पाहुणे गीझर चालत नाही म्हणून डोकं खात होते, त्यांना बादलीने पाणी नेऊन दिलं, नातीला ओरडले, आणि स्टुलावर चढून एकेका तसबिरीला हार घातला. आजेसासरे, आजेसासूबाई, सासरे, सासूबाई, दीर, हरेश्वर. उतरले, लांबून बघितलं. हार सगळे सारख्या लांबीचे दिसत होते, मला बरं वाटलं.

दहाच्या सुमाराला चिरागची आई सोनाबाई आली, बरोबर तिची नणंद. काशीदहून थळला जायच्या वाटेवरच नागाव, आणि केसर सणाचीही कामावर, म्हणून सोनं द्यायला इकडेच आल्या. सकाळपासून चुलीपाशी असलेल्या केसरला कोण आनंद, भिंतीकडे बघायलाही ती थांबली नाही. तिने त्यांना ओसरीत मानाने खुर्च्यांवर बसवलं, माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या बाई, पूर्वीच्या मास्तरीन," आणि चहा आणायला आत गेली. सोनाबाईने मला आपट्याचं पान दिलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिने हरेश्वरला थळच्या घरातल्या छोट्या फोटोत बघितलेलं होतं, ओळखला. नणंदेने कोपराने ढोसलं. दोघी हाराकडे बघत राहिल्या.

केसर ट्रे घेऊन आली आणि चार पावलांवर थांबली. मी तिच्या नजरेमागून वर बघितलं तेव्हा मला माझा प्रताप दिसला. तिने ट्रे खाली ठेवला. कप ठेवला तरी वाजतो, तो ट्रे वाजला नाही. मग ती माझ्याकडे वळली, चेहऱ्यावर हसू आणलं, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, तुमच्यात दसऱ्याला जित्या मान्सालापन हार घालतात, व्हय ना?"

तिने मला वाट करून दिली होती. 'हो' एवढं एक अक्षर पुरे होतं. आमच्यात असंच करतात, असं म्हटलं असतं तर सोनाबाईने मान डोलावली असती, ह्या वाडीवाल्यांचं काहीतरी निराळंच म्हणून सोडून दिलं असतं. पण चौतीस वर्षं दुसऱ्याची चूक दुरुस्त करण्यात गेलेली. त्यात सकाळपासून डोकं तापलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"जित्याला कोण घालतं हार?" मी म्हटलं. "केसर, बास कर आता. अकरा वर्षं झाली. सगळ्यांना कळतंय, तुलाही कळतंय."

माझे शब्द मलाच ऐकू आले आणि वाटलं, जमीन दुभंगावी. केसरने स्टूल ओढलं, चढली, हार काढला. खाली उतरून तो परातीत ठेवला, नीट गोल करून. मग सोनाबाईला चहा दिला, नणंदेला दिला, मलाही दिला. आपट्याचं पान घेताना तिने वाकून सोनाबाईला नमस्कार केला. सोनाबाईचा हात तिच्या डोक्यावर जाता जाता थबकला, मग गेला. सणाचा दिवस, शिवाय माझ्या घरात बसलेली, ती बाई तरी काय करणार होती.

दुसऱ्या दिवसापासून केसर कामावर आली नाही. चौथ्या दिवशी मी माधवरावांना घेऊन थळला गेले. कारखान्याची चिमणी मागे पडली आणि सुक्या बोंबलांचा वास आला की तिचं घर. ओट्यावर केसर सुकट निवडत होती. तिने आम्हाला पाट दिले, पाणी दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. सोनाबाईचा निरोप आला होता. तिने लग्न मोडलं नव्हतं, वाईट बोललीही नव्हती. एवढंच म्हणाली होती, आमाला काय न्हाय, पन एक काय ते ठरवा. हळद कोनाच्या हातची, असं आमच्या मान्सांनी इचारलं तर सांगू काय? एवढी शिकलेली बाई भरल्या घरात म्हनते मेला. मग क्रिया करा आनी पोर धाडा.

मी म्हटलं, मी काशीदला जाते, पाया पडते तिच्या. सांगते, माझी चूक झाली, गडबडीत हात गेला.

केसरने सुकट निवडायचं थांबवलं. "गडबडीत न्हाय, बाई," ती म्हणाली. "मी पाच हार ववून ठेवलंवते. तुमच्या घरातली पाच. सहावा तुमी ववलाव."

खरंच होतं ते. हात चुकून गेला असता तर एक तसबीर बिनहाराची राहिली असती. मी मोजलं होतं. स्वस्थ बसून, देठ खुडून, सुईत दोरा घालून मी तिच्या नवऱ्याला मेलेल्यांत मोजलं होतं, आणि वर तिलाच मोजता येत नाही म्हणून नाक मुरडलं होतं. माधवराव दाराबाहेर समुद्राकडे बघत उभे राहिले. मी रडले. मास्तरणीला रडताना बघून केसर अवघडली, पदराने तिनेच माझं तोंड पुसलं. "तुमाला काय म्हनू मी," ती म्हणाली. "तुमी बोललाव. बाकीचे मनात म्हनतात. पन मी क्रिया न्हाय करनार. बारा म्हंजे बारा. लग्न ऱ्हायला तर ऱ्हायला."

सुंभ जळला तरी पीळ जाईना. आणि लग्न खरोखरच राहिलं असतं. ते पूर्वीने वाचवलं. ती इतका वेळ आत भिंतीला टेकून ऐकत होती. बाविशीची पोर, अलिबागला दवाखान्यात कामाला, कधी कुणाला उलटून न बोललेली. ती बाहेर आली आणि आईसमोर उकिडवी बसली. तिच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता.

"आई, बाबाला पत्रिका धाडायची हाय मना," ती म्हणाली. "पत्ता सांग."

केसरने हात पदराला पुसले.

"पत्ता न्हाय ना? मंग गान्यात तरी बोलाव त्याला. माज्या लग्नात त्याचा नाव कुटंच न्हाय घ्यायचा का?"

हे जरा सांगायला हवं. त्यांच्या लग्नात भटजीइतकीच धवलारीण लागते. ती एखादी जाणती म्हातारी असते. हळदीला ती गाण्यातून आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्यांना, एकेकाला नावाने. या, तुमच्या लेकीचं लगीन आहे, येऊन बसा. जिवंत माणसाचं नाव त्या गाण्यात येत नाही, जिवंतांना पत्रिका जाते. हरेश्वरला पत्रिका जाऊ शकत नव्हती, आणि आई त्याला मेला म्हणत नव्हती तोवर गाण्यातही तो येऊ शकत नव्हता. अकरा वर्षं तो ना ह्या यादीत ना त्या यादीत.

केसरने पोरीच्या हातातली वरची पत्रिका घेतली. तिला वाचता येत नाही. नावांवरून बोट फिरवत बराच वेळ बसली. आम्ही निघालो तेव्हाही पत्रिका तिच्या हातातच होती. दोन दिवसांनी तिच्या दिराचा, अनंताचा, माधवरावांना फोन आला. अमावास्येनंतर क्रिया करायची ठरली आहे, वहिनी तयार झाली.

मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण नाक वर करून घरी बसायचं तोंड मला उरलं नव्हतं. थळच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी, भटजीने पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस केला. केसरने त्याला हरेश्वरचा सदरा घातला. सदरा मोठा झाला, पानांचा माणूस बारीक. ती वाकून त्याची बटणं लावत होती, गळ्याजवळचं बटण लागेना, तर म्हणाली, "हा कवाच लावायचा न्हाय." त्याच्याच सवयीबद्दल बोलत होती, हे उशिरा माझ्या लक्षात आलं. अनंताने अग्नी दिला. पानं ती, किती वेळ जळणार. चहा उकळायला लागतो तेवढ्यात संपलं.

मग बायकांनी तिला पाण्याकाठी नेलं. बांगड्या वाढवायला दगड आणला होता. तिने तो घेतला नाही. डाव्या हातच्या बांगड्या एकेक करून काढल्या. वर्षानुवर्षं न उतरलेल्या, हात सोलवटला, रक्त आलं, तरी काढल्या. मग कमरेइतक्या पाण्यात गेली आणि दर्यात टाकल्या. परत आली तेव्हा म्हणाली, "उजव्या हातच्या दिल्या तवा सांबाल म्हनलेला. आता ह्या पन घे म्हनला." तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता. मी इतका राग कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही, आणि तो सगळा समुद्रावर होता, माझ्यावर एक थेंबही नाही, हेच मला जास्त लागलं.

लग्न ठरल्या दिवशी, डिसेंबरातच झालं. आदल्या संध्याकाळी हळद. दारात मांडव, पोरं नाचत होती, वाजवणारे वाजवत होते. मी नेसून सवरून गेले आणि मागे बायकांत बसले. केसर मांडवात नव्हती. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, दाराआड उभी होती, फिक्या लुगड्यात, दोन्ही हात पदराखाली. पूर्वीला पाटावर बसवलं. नीराबाई नावाची धवलारीण, ऐंशीच्या घरातली, तोंडात एक दात नाही, पण आवाज असा की वाजवणारे आपोआप थांबले. देव झाले. खांदेरीचा वेताळ झाला. मग घरातली माणसं यायला लागली, पणजा, आजा, आजी. आणि मग तिने हरेश्वरला हाक मारली.

येरे बाबा हरेश्वरा, असं काहीतरी होतं ते. मला शब्द नीट कळले नाहीत, नाव कळलं. पूर्वीने मान खाली घातली, खांदे हलायला लागले. मी दाराकडे बघितलं. केसरने पदराखालून एक हात काढला होता आणि चौकटीला धरलं होतं. ती मांडवाच्या तोंडाकडे बघत होती, दर्याच्या बाजूला, खरोखर कुणी येणार असल्यासारखी. नीराबाईने पुढचं नाव घेतलं तरी ती तिकडेच बघत होती.

आता पहिली हळद. नवऱ्यामुलाकडची हळद घेऊन आलेली सोनाबाई म्हणाली, उठा कोनीतरी सवाष्ण. अनंताची बायको उठायला लागली. तेवढ्यात दाराआडून केसरचा आवाज आला, खणखणीत, घावन उरवणाऱ्या पाहुण्याला विचारते तसा. "बाईंना उटवा."

माझ्याकडे सगळ्या वळल्या. मी मान हलवली, नको म्हटलं. केसर उंबऱ्यावर आली, मांडवात पाय ठेवला नाही. "तुमी लावा, बाई," ती म्हणाली. "हार तुमी घातलाव, हलद पन तुमीच लावा."

ती टोमणा मारत होती का मान देत होती, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. पूर्वीने वर बघितलं आणि माझ्यासाठी जागा केली. मी उठले. वाटीत पाची बोटं बुडवली. हळद पूर्वीच्या गालाला लागायच्या आधी तिच्या मांडीवर सांडली. लावली एकदाची. ज्या हळदीसाठी एका बाईने दोन महिने मागितले होते, ती माझ्या हाताने लागली. माझ्या मनगटात बांगड्या होत्या, त्या वाजत होत्या, आणि मला त्या आवाजाची लाज वाटत होती.

लग्नानंतर आठवड्याने केसर कामावर आली. मी म्हटलं, तू येशील असं वाटलं नव्हतं. "मंग खानार काय?" ती म्हणाली आणि तवा ठेवला. घावन तसेच होतात, जाळीदार. पाहुणे वहीत लिहितात. हातांचा फोटो आता कुणी काढत नाही, दोन्ही सारखेच मोकळे आहेत. ओसरीतला फोटो उतरवून देऊ का म्हणून मी विचारलं होतं. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, तितं उजेड हाय. पण घावन वाढताना ती काही विचारत नाही. एका पाहुणीने आपणहून विचारलं, हे हसणारे कोण हो? तर म्हणाली, "मालक माजे. वारले." आणि आणखी एक घावन वाढला.

भांडतही नाही ती आता. मी मुद्दाम चटणी खारट झाली म्हणते, ती गुमान नारळ वाढवते. माधवरावांना वाडीत जायचं कारण उरलेलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दुपारी तिने झेंडू निवडले, तोरणं केली, हार ओवून परातीत ओल्या फडक्याखाली ठेवले आणि गेली. ती मिनीडोरमध्ये बसेपर्यंत मी थांबले. मग फडकं काढलं आणि मोजले. सहा होते.